डिले कोणाच्या खात्यात

तेजराम कापगते यांच्यावर मी आजही चिडलेली आहे. त्यांना ते माहीत आहे. रस्त्यात भेटले तर आधी माझा चेहरा बघतात, मग हसतात. असं हसणाऱ्या माणसावर नीट रागावताही येत नाही, म्हणून मी आणखी चिडते.

मी सुमेधा. आमचं घर दुर्गचं, चार पिढ्यांपासूनचं. भिलईतल्या एका कॅन्सर आणि डायबिटीसच्या उपचार केंद्रात मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून नोकरी करते. हे काय असतं ते माझ्या आईला अजून कळलेलं नाही. ती शेजारणींना सांगते, "आमची सुमेधा औषधांची परीक्षा घेते." खरं तर मी कागद सांभाळते. नवं औषध बाजारात येण्याआधी काही रुग्णांना, त्यांच्या संमतीनं, देऊन बघतात. त्यांना काय फरक पडला, काय त्रास झाला, हे रोजच्या रोज लिहून घ्यावं लागतं. ते लिहिलेलं बरोबर आहे की नाही, हे बघणं माझं काम. औषध कंपनीचं, डॉक्टरांचं आणि रुग्णाचं, सगळ्यांचंच त्या कागदावर चालतं, आणि काही चुकलं की सगळे माझ्याकडे बघतात.

आमच्याकडे रिसर्चचे दोन विभाग आहेत. कॅन्सरचा पहिल्या मजल्यावर, डायबिटीसचा तिसऱ्या. मी पहिल्या मजल्यावरची. मधल्या मजल्यावर कँटीन आहे, तिथे दोन्ही विभागांची माणसं वेगवेगळ्या टेबलांवर बसून एकच समोसा खातात. एकमेकांचे रुग्ण एकमेकांना माहीत नसतात. एखाद्याला दोन्ही आजार असले की त्याच्या दोन फायली होतात आणि त्या दोन फायली आयुष्यात कधी भेटत नाहीत.

तेजरामकाकांना दोन्ही आजार होते. पंधरा वर्षांची शुगर, आणि वर्षापूर्वी आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, किमो झाली, आणि किमोनं पाय सुन्न झाले. हा त्रास बऱ्याच जणांना होतो. त्यावर एका कंपनीची गोळी आली होती आणि आमच्याकडे तिची स्टडी चालू होती. कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क पायाला लावून तपासलं तेव्हा काकांना काहीच कळलं नाही. आमच्या भाषेत ते अगदी योग्य उमेदवार होते.

ऑक्टोबरात ते सिंधुताईंना, म्हणजे बायकोला, घेऊन आले. वय चौसष्ट, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि पायात प्लांटचे जाडजूड सेफ्टी शूज. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती तरी बूट तेच. गाव साकोलीकडचं, पण चौतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढलेली. आता सेक्टर १० मध्ये मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायचे. संमतीपत्राची बावीस पानं त्यांनी बोट ठेवून वाचली. माझा जेवणाचा डबा थंड झाला, पण त्यांनी एक पान सोडलं नाही. शेवटी विचारलं, "मॅडम, याच्यात मधातूनच अनफिट करतेत का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काई निघालं तं काढून टाकतेत का?"

मी हसले. म्हटलं, "काका, काही झालं तर आम्ही तुमच्या भल्यासाठीच औषध थांबवू." हे उत्तर छापील होतं आणि बरोबरही होतं. पण त्यांना काय ऐकू आलं याचा मी विचार केला नाही. प्लांटच्या मेडिकलमध्ये शुगर वाढलेली निघाली म्हणून नोकरीची शेवटची दोन वर्षं त्यांना मिलवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं. तो अपमान त्यांच्या मनात अजून ताजा होता. हे मला सिंधुताईंनी सांगितलं, पण फार नंतर.

काकांना मी डायरी दिली. दिवसातून तीनदा लिहायचं. मुंग्या किती, बधिरपणा किती, शून्य ते दहा आकड्यांत. शेजारी पडलात का, जखम झाली का, भाजलं का, असे रकाने. पहिल्या महिन्यानंतर ते डायरी घेऊन आले आणि मी ती बघतच राहिले. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. प्रत्येक वेळेला शून्य, पुढे 'ओके', पुढे सही. पट्टीनं आखल्यासारखी अक्षरं. एकही खाडाखोड नाही.

आमच्याकडे येणाऱ्या डायऱ्या कशा असतात ते सांगते. हळदीचे डाग, तेलाची बोटं, आठ दिवसांचं एकाच पेनानं रिक्षात बसून लिहिलेलं, आणि एकीत तर नातवानं काढलेला हत्ती. त्यात ही डायरी! हैदराबादहून कागद तपासायला येणारा मॉनिटर शुभंकर म्हणाला, "मॅडम, ऐसी डायरी तो ट्रेनिंग में दिखानी चाहिए." आमचे मुख्य डॉक्टर उमाकांत सरही खूश. सुन्न पायांचा माणूस एका महिन्यात शून्यावर आला म्हणजे गोळी काम करते आहे, असं सगळ्यांनाच वाटायला लागलं. गोळी खरी मिळाली की नुसती दिखाव्याची, हे अशा स्टडीत आम्हालाही माहीत नसतं, पण मनात हिशेब चालूच असतात. मीही मिरवले. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या महिन्यातही तेच. शून्य, ओके, सही. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. हाडामांसाच्या माणसाला दोन महिन्यांत एकदाही पायात काही होत नाही, हे शक्य आहे का? पण स्वच्छ कागद दिसला की आम्ही लोक आंधळे होतो. त्या भेटीत पाय तपासायचं फॉर्ममध्ये नव्हतं, म्हणून मी बूट काढायला सांगितले नाहीत.

जानेवारीच्या मध्यात तिसरी भेट होती. भिलईत त्या दिवसांत चांगलीच थंडी असते. काका आले, डायरी टेबलावर ठेवली, हात गुडघ्यांवर. मी पानं उलटत होते आणि सिंधुताई एकदम म्हणाल्या, "मॅडम, यायच्या मोज्याले वास येऊन राहिला."

काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की बाई पदर तोंडाला लावून गप्प झाल्या.

मी म्हटलं, "काका, बूट काढा."

"राहू द्या नं मॅडम. लेस बांधली आहे."

"काढा."

नर्स कमलिनीनं बूट काढला, मग मोजा सोलून काढला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती, कडा काळ्या, आणि अंगठा सुजून चकचकीत झालेला. घरी ते गोरसीजवळ, म्हणजे इकडे थंडीत निखारे घालून ठेवतात त्या मातीच्या शेगडीजवळ, पाय शेकत बसायचे. पाय टेकला, भाजला, आणि त्यांना कळलंच नाही. मोज्याला भोक पडलं तेव्हा कळलं. त्याला एकोणीस दिवस झाले होते. मी एकोणीस दिवसांची पानं काढली. भाजलं का? शून्य. जखम? शून्य. ओके, सही.

मी ओरडले. कॉरिडॉरमधले रुग्ण वळून बघायला लागले इतकी ओरडले. रागाच्या भरात त्यांच्याच बोलीत बोलायला लागले. "हे लिहिलं कावून नाही तुम्ही?"

"काय लिहू मॅडम? मिल चालूच होती नं."

"कोणती मिल?"

काका समजावून सांगायला लागले, शांतपणे, नव्या पोराला शिकवावं तसं. "आमच्या लॉगबुकात बारीकसारीक नाई लिहत. आवाज येऊन राहिला, बेअरिंग गरम होऊन राहिली, ते रिलीव्हरले तोंडी सांगाचं. शिफ्टवर आपल्या जागी जो येते त्याले. मिल थांबली तरच लिहाचं. त्याले डिले म्हणतेत. किती मिनिटं थांबली, कावून थांबली, अन कोणाच्या खात्यात. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, नाई तं ऑपरेशन. मी तं चालूनच राहिलो होतो. घरून बस स्टॉपपर्यंत जाऊन राहिलो. मंग डिले कायचा?"

"अहो, मग तोंडी तरी सांगायचं कोणाला!"

"सांगितलं नं रिलीव्हरले." त्यांनी हनुवटीनं सिंधुताईंकडे दाखवलं.

सिंधुताई म्हणाल्या, "मले म्हणे, चालते. मी म्हटलं हळद लाव. आणखी काय करू मी?"

मला हसावं की रडावं कळेना. बावीस पानांचं संमतीपत्र, पुण्याहून मराठीत करून आणलेली डायरी, शून्य ते दहा आकडे, आणि या माणसानं चौतीस वर्षांच्या सवयीनं स्वतःच्या शरीराचं लॉगबुक भरलं होतं. दोष कोणाला देणार? मी त्यांना 'रोज लिहा' म्हटलं होतं. 'दुखलं तर लिहा' असं वेगळं सांगायची गरज असते, हे मला कोणत्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

कमलिनीनं ड्रेसिंग केलं, अँटिबायोटिक सुरू झालं. पण जखम खोल होती. ती उघडून साफ करणं, हाडापर्यंत गेली आहे का ते बघणं, हे काम तिसऱ्या मजल्यावरच्या फूट क्लिनिकचं. आणि इथून जे सुरू झालं ते आठवलं की माझे कान आजही तापतात.

आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: कारण. झालेली इजा स्टडीच्या औषधानं झाली, आजारानं झाली, दुसऱ्या उपचारानं झाली की आणखी कशानं? उमाकांत सर म्हणाले, "ही डायबिटीसची जखम आहे. वर पाठव. वरच्यांकडून तसं लिहून आण, मग मी सही करतो." मी वर गेले. तिथले डॉक्टर भूपेंद्र म्हणाले, "पाय सुन्न किस से हुए? कीमो से. तो ये आपका केस है." त्यांच्या विभागात पायांच्या जखमांचीच एक स्टडी चालू होती, तिच्यात घ्या म्हटलं. तर त्या स्टडीत किमो झालेला रुग्ण चालत नव्हता. मग साध्या क्लिनिकला तरी दाखवू म्हटलं, तर सहा दिवसांनी नंबर. सहा दिवसांनी काका गेले, तर त्यांची कॅन्सरची फाइल खाली होती. फाइलशिवाय बघणार नाही म्हणाले. मी फाइल घेऊन धावले तोपर्यंत ओपीडी संपली होती.

मी दोन मजले किती वेळा चढले-उतरले ते मोजलं नाही. प्रत्येक जण माझ्याशी नीट बोलत होता. कोणी वाईट नव्हतं, कोणी आळशी नव्हतं. फक्त त्या पायावर आपल्या विभागाचं नाव लिहायला कोणी तयार नव्हतं. वर जाताना मला वरच्यांचा राग यायचा, खाली येताना खालच्यांचा, आणि घरी पोचेपर्यंत स्वतःचा. मी सरांना सरळ का म्हटलं नाही, की सही राहू द्या, आधी माणूस बघा? म्हटलं नाही. मीही रकाना भरायच्या मागे होते.

नवव्या दिवशी काकांना ताप भरला. कमलेश, त्यांचा मुलगा, ड्यूटीवरून थेट त्यांना घेऊन आला. भरती केलं. आता मात्र दोन्ही डॉक्टर एकाच खाटेजवळ आले, एक उजवीकडे, एक डावीकडे. मी पायथ्याशी फॉर्म घेऊन उभी. सिंधुताई उशाशी.

पाय बघून दोघांचेही चेहरे उतरले. आणि तरीही, मी शपथेवर सांगते, पहिली पाच मिनिटं ते कारणावरच बोलले. उमाकांत सर म्हणाले, शुगर सांभाळली असती तर एवढं झालं नसतं. भूपेंद्र सर म्हणाले, कीमो के बाद पैर देखना किसका काम था? मग इंग्रजी सुरू झालं. काका एकदा इकडे बघत होते, एकदा तिकडे. तापानं डोळे लाल, पण चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी दिसल्यासारखं.

मग ते हात वर करून म्हणाले, "साहेब, झगडा नका करू. ऑपरेशनमध्ये टाका."

दोघेही थांबले. उमाकांत सरांनी सुटकेचा श्वास सोडला. "चला, बरं झालं. पेशंट ऑपरेशनला तयार आहे."

सिंधुताईंनी हंबरडा फोडला. "पाय काटून राहिले का जी? आमाले कोणी सांगतलं कावून नाई?" कमलेश "पापा, आपने ऐसे कैसे बोल दिया" म्हणून खाटेवर वाकला. काका गोंधळून सगळ्यांकडे बघायला लागले. आपण एवढं काय बोललो ते त्यांना कळेना.

त्या खोलीत ते फक्त मला कळलं होतं. नऊ दिवसांपूर्वी त्यांनीच शिकवलं होतं म्हणून. ड्रेसिंगच्या वेळी एकदा हेही सांगितलं होतं, की डिलेवरून मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलचं भांडण जुंपलं आणि कोणीच हात लावेना, की जुना ऑपरेटर म्हणायचा, लिहा बाबा ऑपरेशनमध्ये. म्हणजे माझ्याच चालवण्यात चूक झाली. लिहून झालं की दोघंही पान्हे उचलायचे आणि मिल सुरू व्हायची.

मी म्हटलं, "सर, ते पाय कापा म्हणत नाहीयेत. मिलमध्ये ऑपरेशन म्हणजे मशीन चालवणाऱ्यांचं खातं. ते म्हणताहेत, चूक माझी लिहा आणि कामाला लागा. तुम्ही दोघं त्यांच्या पायाला हात लावत नाही म्हणून ते दोष स्वतःवर घेताहेत."

भूपेंद्र सरांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला आणि बाजूच्या स्टुलावर पालथा ठेवला. मग हातमोजे मागवले. उमाकांत सर स्वतः सर्जनला फोन करायला बाहेर गेले. अर्ध्या तासात एक्स-रे झाला. आदल्या नऊ दिवसांत जे झालं नव्हतं ते सगळं दुपारी चारच्या आत झालं, आणि त्याचाही मला संताप आला. इतकं सोपं होतं?

पाय वाचला. अंगठा काढावा लागला. नऊ दिवस आधी नीट बघितलं असतं तर कदाचित तोही वाचला असता. डॉक्टर या 'कदाचित'वर जोर देतात. मी देत नाही.

कारणाच्या रकान्यात मी इंग्रजीत लिहिलं की केंद्राकडून उपचाराला नऊ दिवसांचा उशीर झाला, आणि खाली दोन्ही विभागांची नावं घातली. उमाकांत सरांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "याच्यावर कंपनीकडून शंभर प्रश्न येतील." म्हटलं, येऊ द्या. त्यांनी सही केली. शंभर नाही, एकतीस आले. एथिक्स कमिटीपुढे मला दोनदा उभं केलं. बदललं काय विचाराल, तर आता प्रत्येक भेटीला बूट-मोजे काढतात. दोन फायली अजून दोनच आहेत.

काकांना स्टडीतून बाहेर काढलं. नियमच तसा. ते सांगायला मी सेक्टर १० ला त्यांच्या घरी गेले. मला वाटलं, फार लावून घेतील. ते अंगणात खुर्चीवर बसले होते, पाय स्टुलावर, सिंधुताई आत चहा करत होत्या. मी म्हटलं, "काका, तुम्ही आता स्टडीत नाही. डायरी बंद."

"म्हणजे पक्कं? आता काई नाई ना?"

"काही नाही."

त्यांनी मान डोलावली. मग आतला कानोसा घेऊन, आवाज खाली आणून म्हणाले, "मंग आता सांगतो तुमाले. त्या गोळीनं कवडीचा फरक नाई पडला. मुंग्या तं पहिल्या दिवसापासून होत्या. सुया टोचल्यासारख्या. झोपच नाई लागत. हिलेबी नाई सांगितलं."

मी विचारलं, "दहापैकी किती?"

त्यांनी खरंच विचार केला. डोळे मिटून, पायाचा अंदाज घेऊन. "नऊ," म्हणाले. "कधी कधी दहा."

मी तिथून शुभंकरला फोन लावला, की आकडे दुरुस्त करायचे आहेत. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "मॅडम, डायरी पेशंट की अपनी होती है. उसमें हम-आप हाथ नहीं लगा सकते." तुम्ही वेगळी टीप जोडा म्हणाला. मी जोडली. ती कोणी वाचली का, मला माहीत नाही. आकडे होते तसेच आहेत. चौऱ्याऐंशी दिवस, दिवसातून तीनदा, शून्य. ती गोळी चाचणीच्या पुढच्या टप्प्यात गेली आहे.